राईचा कौल

भाई, तू मेलास तेव्हा पाण्याची रांग मोडली नाही.

वैशाखात टँकर तीन दिवसांतून एकदा येतो, तोही ड्रायव्हरची मर्जी असली तर. वडाखाली कळशा, बालद्या, तेलाचे डबे ओळीनं मांडलेले. तुझी कळशी अकरावी की बारावी होती. तू उकिडवा बसलास, मग पारावर टेकलास, मग मान टाकलीस. रांगेतल्या यल्लव्वानं तुला गदगदा हलवलं आणि तोंडावर मारायला पाणी मागायला नळापाशी धावली, तर नळावरची बाई तिला म्हणाली, "रांगेंत यो गे." त्या बाईला कळलं नव्हतं, हे कबूल. पण कळल्यावरही रांग दोन पावलं बाजूला सरकली आणि चालू राहिली. टँकर काय तुझ्यासाठी थांबणार होता? मी धापा टाकत पोचलो तेव्हा तुझी कळशी कोणीतरी भरून पारावर ठेवली होती. त्याच पाण्यानं तुला शेवटची आंघोळ घातली. लोकांचे उपकारच म्हणायचे.

मी रडलो नाही. मला हसू आलं रे. ज्या डोंगराच्या पोटातून बारा महिने झर वाहायची, त्याच डोंगराच्या पायथ्याशी तू टँकरची वाट बघत मेलास. आणि ती झर गेली कोणामुळे? तुझ्या तोंडातून निघालेल्या एका शब्दामुळे. एवढा चोख न्याय कोर्टातही मिळत नाही. घरी आल्यावर बायकोला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तुमच्या जिभेला हाड नाही. मेलेल्या माणसाला तरी सोडा." नाही सोडत. जिवंतपणी तूच मला बोलू दिलं नाहीस, हसण्यावारी नेलंस. आता गप पडून ऐक.

आपल्याकडे मेलेल्याच्या सरणाला घरटी एक लाकूड द्यायची रीत. आपले आजोबा गेले तेव्हा गावात सात घरं होती, आणि सात लाकडांत माणूस जळून राख व्हायचा, एवढी ती लाकडं असायची. तुझ्या सरणाला चाळीसच्या वर घरांतून माणसं आली. जवळजवळ सगळी तू वसवलेली. कोणी काजूची ओली फांदी आणली, कोणी खोक्याच्या फळ्या, एकानं मोडक्या खाटेचा पाय आणला. देणाऱ्यांची मान खाली होती, पण करणार काय? डोंगरावर लाकूड असेल तर देतील ना! शेवटी साखळी गावच्या वखारीतून लाकूड आणवलं. तोवर तू काजूच्या धुरात कोंडून पडला होतास. नीट जळलासही नाहीस, भाई. राघोबा गुरव डोळे पुसत होता, तो धुरानं की दुःखानं, मला सांगता येणार नाही.

वाचनालयाच्या पोरांनी हस्तलिखितासाठी मला तुझ्यावर दोन पानं मागितली. "मास्तर, भाईंनी गाव कसा वसवला ते लिहा." लिहून दिलं. गोरगरिबांचा आधार, बेघरांना घर देणारा, वगैरे. त्यात खोटं काहीच नाही. पण ते त्यांच्यासाठी होतं. तुझं तेरावं झाल्यावरच्या आयतारी देवळात काय घडलं, ते त्यांना हस्तलिखितात घालता येणार नाही, म्हणून हे तुला वेगळं लिहितो.

त्या आयतारी देवाच्या राईच्या उरलेल्या अर्ध्या भागाचा कौल लावायचा होता. तुला ठाऊकच आहे, तूच कबूल करून ठेवलं होतंस. अर्धी राई तोडून घरं झाली, आता राहिलेली अर्धी तोडायची आणि नव्या घरांना जागा द्यायची. आणि त्या जागांच्या यादीत पहिलं नाव तुझ्या लेकीचं, शालूचं. तू गेल्यावर गावकारांमध्ये, गावच्या मूळ मानकऱ्यांमध्ये, वयानं मोठा मी. म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं मी घालायचं, आणि देवानं काय उत्तर दिलं ते गावाला मी सांगायचं. काय केलं ते सांगतो. पण आधी आपलं जुनं भांडण पुरं करायचं आहे.

आपण नऊ-दहा वर्षांचे असताना त्या राईतली चुन्नां, ती रानफळं, खाल्ली होती, आठवतं? ओंजळभर पण नव्हती. तोंडं जांभळी झाली आणि पकडले गेलो. माझ्या बाबांनी आपल्याला परत तिथं नेलं आणि वाटेवरच्या एकेका झाडापुढे कान धरून "चुकलों" म्हणायला लावलं. माट्टीपुढे, किंदळीपुढे, घोटिंगापुढे. तू प्रत्येक झाडाला चुकलों म्हणून झाल्यावर हळूच जीभ दाखवत होतास. मी घाबरून चड्डी ओली केली. राईतली वाळकी काटकी चुलीला लावायची नाही, चपला घालून आत जायचं नाही, तिथं देवाचं घर आहे, एवढं आपल्याला कळत होतं. त्या राईच्या बुडातून झर निघायची, आणि ती माझ्या कुळागरातून, पोफळीच्या बागेतून, वाहत खाली गावच्या तळीत यायची. पोफळींना पाणी, माणसांना पाणी, गुरांना पाणी. हे देवामुळे की झाडांमुळे, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. दोघांना हात लावायचा नाही, संपलं.

मी तुला भाबडेपणानं असं नाही सांगत की पूर्वीचे लोक संत होते. डोंगराच्या दुसऱ्या अंगावर आपल्या बापजाद्यांनी कुमेरी केलीच. झाडी तोडायची, जाळायची, राखेत नाचणी पेरायची, दोन पिकं घेऊन उठायचं. पण मग तिथं पुन्हा कोयता न्यायचा तो घरातला मुलगा बाप झाल्यावर. तोवर डोंगर आपली कातडी परत वाढवायचा. सात घरांची तोंडं होती, तोवर हे चाललं. तुझ्या बाबाला तुम्ही पाच मुलगे. एका चुलीच्या पाच चुली झाल्या. पाच चुलींना रोज पाच भारे लाकूड. माझ्या देखत कुमेरी तिसऱ्या वर्षी तिथंच परत यायला लागली, आणि मग डोंगराच्या त्या अंगावर नुसता गवताचा खरखरीत पट्टा राहिला. पुढे तोही लाल झाला.

मी म्हणायचो, गावात माणसं फार झाली. तू चिडायचास. एकदा तळीवर धोतर पिळता पिळता म्हणालास, "आदीं आठ जल्मतालीं आनी तीन उरतालीं. आतां दवाखानो आयलो, आठय उरतात. तांतलीं खंयचीं पांच नाकात तुका, तें सांग मास्तरा." जगलेल्यांतली कुठली पाच नकोत, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. माझीच चार आहेत आणि चारही जगली. पण उत्तर नसलं म्हणून डोंगर मोठा होतो का रे? पोरं वाढतात तसा डोंगर वाढत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

मग खाणी जोरात आल्या. सिंधुदुर्गातून, बेळगावकडून, कोल्हापूरकडून माणसं आली, ट्रकांवर, खोदाईवर, बांधकामावर. गावठाणात जागा नव्हती म्हणून डोंगराच्या पायथ्याशी झावळ्यांच्या खोपी घातल्या. मी म्हणालो, "हीं सगळीं भायलीं." तू देवळाच्या पायरीवर सगळ्यांसमोर मला विचारलंस, "तुजी बायल खंयची? दोडामार्गची न्हय? ती कितें हांगाच्या झाडाक लागिल्ली?" लोक पोट धरून हसले. घरी बायकोपण हसली. तुझ्याशी भांडण जिंकायची सोयच नव्हती.

गोव्याचं राज्य व्हायच्या आधीचे ते दिवस. सगळा गोवा भाषेवरून पेटलेला. तू कोंकणीवाला, मी मराठीवाला, शाळेचा मास्तर, मला दुसरं काय होता येणार? तू चिडवायचास, "घरांत कोंकणी उलयता आनी कागदार मराठी बरयता. हांव मेलों तरी तूं मराठींतूच रडटलो." आणि तरी त्या दिवसांत, रस्त्यावर दगड पडायचे तेव्हा, तू सकाळी माझ्या दारात यायचास आणि शाळेपर्यंत माझ्या बाजूनं चालत यायचास. एक शब्द न बोलता. फाटकापाशी पोचलो की "वच, शिकय तुजें मराठी" म्हणून परत फिरायचास. तुझ्या बाजूचे लोक तुला शिव्या घालत होते, हे मला मागाहून कळलं. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. आता बोलतो. तू होतास म्हणून माझं डोकं शाबूत राहिलं.

त्याच वर्षी पहिला कौल लागला. लोकांनी घरं मागितली होती. तुझे पुतणे, राघोबाचे मुलगे, खोपीतली माणसं, सगळेच. राई तोडायची तर देवाची परवानगी हवी. राघोबानं पिटकोळीच्या फुलांचे कळे पाण्यात बुडवून देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला चिकटवले. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. तू गाऱ्हाणं घातलंस. मी तुझ्या शेजारी निरांजनाची ताटली धरून उभा. आणि कळा पडला. डाव्या अंगाचा. माझ्यापासून हातभर अंतरावर. टपकन पडला आणि घरंगळत माझ्या अंगठ्यापाशी आला.

तू म्हणालास, "उजवो!"

घंटा वाजली, लोक ओरडले, बायकांनी हात जोडले. तू माझ्याकडे बघितलंस. मी ताटली धरून तसाच उभा. मी का गप बसलो, ते आपल्या दोघांनाच ठाऊक. आदल्याच आठवड्यात मी तुझ्याकडे आलो होतो. जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं होतं आणि छपराला लाकूड नव्हतं. "बघूया," तू म्हणाला होतास. राई तुटली आणि पंधरा दिवसांत माट्टीचे चार ओंडके गाडीत घालून माझ्या अंगणात आले. पाठवणाऱ्याचं नाव गाडीवाल्यानं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आज माझ्या डोक्यावर जे वासे आहेत ते देवाच्या राईतले. तू हे कधीच बोलून दाखवलं नाहीस. एकदा जरी बोलला असतास तर मला तुझ्याशी कडकडून भांडता आलं असतं. तेवढीही मुभा तू ठेवली नाहीस, मेल्या.

एकदाच मी विषय काढला. कारापूरच्या दुकानात चहा पीत होतो, तू पावाचा उंडा बुडवून खात होतास. मी म्हणालो, "भाई, तो कळा डावा होता." तू उंडा चावून खाल्लास, चहा संपवलास, आणि म्हणालास, "देवाक घर आसा. मनशांक ना." आणि उठून चालू पडलास. याला उत्तर म्हणतात का? पण चहाचे पैसे द्यायला थांबलो आणि मला कळलं की मलाही याच्यावर बोलता येत नाही.

झर पहिल्या वर्षी शिमग्यापर्यंत टिकली, पुढच्या वर्षी माघापर्यंत, मग दिवाळीनंतर नुसती ओल. माझ्या पोफळींचे शेंडे झडले. एकेक झाड वरून काळं पडत खाली आलं. मुलं वास्कोला नोकरीला, त्यांना काय त्याचं. मी नळी आणली, पंप आणला, देवाला नवस बोललो. तुला सांगायला आलो तेव्हा तू म्हणालास, "तुज्यो माडयो उलयतात, मास्तरा, तूं न्हय." म्हणजे मी डोंगरासाठी बोलत नाही, माझ्या सुपारीसाठी बोलतो. असेल. दोन्हीतला फरक करायला मला जमत नाही.

पण बसाप्पासाठी तरी मी सुपारीखातर बोललो नव्हतो. यल्लव्वाचा नवरा. खानापूरकडचा, खाणीवर भराई करायचा. श्रावणात उतार सुटला आणि त्याच्या घरावर आला. तीच जागा, तू दिलेली, राईतली. झाडं होती तोवर त्या मातीला धरून होती. मुळं कुजली आणि माती मोकळी झाली, हे शाळेतल्या पोरालाही समजेल. तू नखांनी चिखल उकरत होतास. फावडं हातात दिलं तरी घेईनास. बसाप्पा निघाला तेव्हा त्याच्या तोंडातला चिखल तू बोटानं काढलास आणि त्याला "उठ रे, उठ रे" म्हणत राहिलास. मला वाटलं, आता हा माणूस शहाणा होईल. आणि तू काय केलंस? महिन्याभरात यल्लव्वाला दुसरी जागा दिलीस. कुठं? राईच्याच काठाला, पाच झाडं पाडून! डोंगर अंगावर आला म्हणून डोंगरातलाच दुसरा तुकडा! मी तेव्हा तुला भर रस्त्यात गाढव म्हणालो. तू म्हणालास, "ती आज खंय न्हिदतली, तें सांग." आज कुठं झोपणार! तुझा प्रत्येक प्रश्न असाच आजच्यापुरता होता, आणि आजच्या प्रश्नात तू दर वेळी बरोबर असायचास. म्हणूनच तुझा एवढा राग यायचा.

उरलेली अर्धी राई बरोबर त्या चाळीस घरांच्या डोक्यावर आहे. ती गेली तर काय होईल, हे बसाप्पाला बघितलेल्या कोणालाही सांगायला नको.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शालू माझ्याकडे आली. बरोबर पिशवीत उंडे आणले होते, लहानपणी आणायची तशी. चांदगडच्या ट्रकवाल्याशी तिनं लग्न केलं तेव्हा मी लग्नाला आलो नव्हतो, तरी काकी म्हणून, काका म्हणून येत राहिली. तिच्या नवऱ्याच्या, मारुतीच्या पाठीला ट्रकवर मार बसल्यापासून कामाचं खरं नाही. पत्र्याची भाड्याची खोली, तीन पोरं, मालकानं पावसाआधी खोली सोडायला सांगितलेली.

"काका, बाबान माका उतर दिल्लें," ती म्हणाली. "आयतारा कौल जातलो, मगे पयलो जागो तुजो म्हूण."

"बघूया," मी म्हणालो.

तुझाच शब्द. ती बापडी खूश झाली. माझ्या बायकोला म्हणाली, "काकान बघूया म्हणलें म्हणजे जालें." तू बघूया म्हणालास की काम व्हायचं ना, तिला तेवढंच माहीत.

आयतारी सकाळी देऊळ भरलं. मी ठरवूनच गेलो होतो. राघोबानं कळे भिजवायला घेतले तेव्हा मी हात वर केला आणि मोठ्यानं सांगितलं, "आधी एक ऐका. मागचा कौल खोटा होता. कळा डावा पडला होता. भाईनं उजवा म्हणून सांगितलं. मी बघितलं आणि गप बसलो." भाई, मी तुझं नाव चारचौघांत मातीत घातलं. तेरावं होऊन चार दिवस नव्हते झाले. मला वाटलं, आता गाव हादरेल. लोक तुला शिव्या घालतील, मला घालतील, आणि राई वाचेल.

कोणीतरी खोकलं. राघोबानं हातातले कळे ताटात ठेवले.

"मास्तरा," तो म्हणाला, "ताटली धरून तूं एकलोच उबो नासलो. आमकांय दोळे आसले."

"मगे तुमी उलयले ना कित्याक?"

"उलयिल्ले जाल्यार जागो खंय मेळटालो?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "कोणें तरी फट मारची पडटाली. भायन मारली. आमचें सगळ्यांचें पाप त्या बापड्यान आपल्या तोंडार घेतलें. कळो खंय पडटा तें देवाचें. सांगपाचें तें गांवकाराचें. तो नेम आतां मोडूं नाका."

सगळ्यांनी माना डोलवल्या. एवढी वर्षं मी तुझं गुपित छातीशी धरून बसलो होतो, त्याच्या जोरावर तुला मनातल्या मनात झोडपत होतो, स्वतःला तुझ्यापेक्षा सज्जन समजत होतो. आणि सगळ्या गावाला माहीत! तू खोटं बोललास, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर ते तुला हात जोडायचे. माझ्याइतका मूर्ख त्या देवळात दुसरा नव्हता.

राघोबानं कळे लावले. मी गाऱ्हाणं घातलं, तोंडपाठ, तुझ्यासारखंच. शालू दारात उभी, धाकटं पोर कडेवर. फार वेळ लागला नाही. कळा पडला.

उजवा, भाई. अगदी स्वच्छ उजवा. देवानं हो म्हटलं. सगळ्यांनी बघितलं, शालूनं बघितलं, तिच्या तोंडावर हसू आलं तेही मी बघितलं.

मी म्हणालो, "डावो."

देवळात कोणी तोंड उघडलं नाही. उघडायचं तर कशाच्या जोरावर? नेम त्यांनीच आत्ता सांगितला होता. राघोबानं फडक्यानं पाषाण पुसला आणि कळे उचलून नेले. राईचा लिलाव घ्यायला आलेला माणूस बाहेर जाऊन विडी पेटवून बसला. यल्लव्वा एकटी माझ्या पाया पडली.

शालू पायरीवर माझी वाट बघत थांबली होती. रडत नव्हती. मला वाटलं, शिव्या देईल, तुझी लेक आहे. ती म्हणाली, "काका, तुमचें कुळागर जगूं," आणि पोराला खाली उतरवून हाताला धरून चालत गेली.

राई वाचली. तुला हेच सांगायचं होतं. तू एका खोट्यानं अर्धी घालवलीस, मी एका खोट्यानं अर्धी राखली, आणि माझ्या मनात त्याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा कळा पडला तर पुन्हा डावाच सांगेन.

पण घरी येऊन जेवायला बसलो आणि खिडकीतून बाहेर बघितलं. माझं कुळागर. पोफळींचे नुसते काळे खुंट. सपाट जमीन, रस्त्याला लागून, वर डोंगर नाही, काही कोसळायचं भय नाही. त्यात घर सहज बसेल. दोन बसतील. मुलांना नको आहे, मला त्याचा उपयोग नाही, तिथं पोफळ आता लागत नाही आणि लागणारही नाही. एक शब्द टाकायचा, "शालू, ये, बांध," एवढंच. देवळात हे मला सुचलं नाही, असं मी बायकोला सांगितलं. ती भात वाढून आत गेली. तुला सांगतो, सुचलं होतं. "डावो" म्हणायच्या आधीच सुचलं होतं.

आज पाच दिवस झाले. शालू खोली रिकामी करतेय असं ऐकलं. मी अजून गेलेलो नाही.